"तू बाळाची आई आहेस", मोठी म्हणाली. दुसरं बाळ आल्यावर तुमच्याकडे काय झालं?

चिऊची_आई | मंगळवार, पहाटे 3:20

बाळ मांडीवर झोपलंय, खाली ठेवलं की कुरकुर सुरू होते म्हणून एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मोठी चिऊ 2 वर्षं 9 महिन्यांची, धाकटा 5 आठवड्यांचा. सिझर झालंय. चिंचवडला राहतो, सासूबाई आमच्यातच असतात, नवऱ्याची चाकणला शिफ्टची नोकरी. डिलिव्हरीच्या आधी ज्याने त्याने सांगितलं होतं की मोठी बाळाला मारेल, ओरबाडेल, पाळण्यात खेळणी फेकेल, लक्ष ठेव. आम्ही तयारीतच होतो. तसलं काहीच झालं नाही. उलट दुपटं आणून देते, पाळण्याची दोरी हळू ओढते, बाळ रडलं की "आई, बाळ उठलं" सांगायला येते. येणारे-जाणारे म्हणतात किती समजूतदार आहे ग, मलाही ऐकून बरं वाटायचं.

परवा दुपारी ती मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली, ओठ फुटला, थोडं रक्त आलं. मी समोरच कॉटवर बाळाला पाजत होते. ती रडत उठली आणि माझ्या समोरून पळत स्वयंपाकघरात आजीकडे गेली. मी हाक मारली, चिऊ इकडे ये ना, आईकडे ये. तर आजीच्या पदरात तोंड घालून म्हणाली, "तू बाळाची आई आहेस. माझी आई दवाखान्यात गेलीय."

चिडून नाही म्हणाली हो. दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसं सांगितलं.

मला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा ती झोपलेली होती, तिला उठवलं नाही, तशीच निघून गेले. 4 रात्री हॉस्पिटलमध्ये होते आणि लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते म्हणून तिला कुणी आणलंच नाही. वरून डॉक्टरांनी सांगितलंय की 6 आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पहिल्या आठवड्यात ती माझ्यासमोर हात वर करून उभी राहायची, "उच्चल" म्हणायची, आणि मी म्हणायचे आईच्या पोटाला बाऊ झालाय. आता ती हात वर करतच नाही. कधी थांबली ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, परवा आलं.

तीन महिने छान कोरडी राहत होती ती परत चड्डीत शू करायला लागलीय आणि पाणी चमच्याने मागते. कुणाकडे असं झालंय का? काय केलंत?

खिडकीतली_जाई | मंगळवार, सकाळी 6:45

वाचून डोळ्यांत पाणी आलं ग. माझी पण दोन्ही सिझर, त्यामुळे ते हात वर करून उभं राहणं मला चांगलंच माहितीय. एक सांगू, डॉक्टरांनी उचलू नको सांगितलंय, जवळ घेऊ नको असं नाही सांगितलेलं. मी सोफ्यावर बसायचे, टाक्यांवर उशी धरायचे आणि त्याला म्हणायचे तू चढ वर. तो आपापला चढायचा, मग उशीवर डोकं ठेवून पडायचा. सोफ्यापाशी एक पाट ठेवलेला चढायला. तिला तो पाट दाखव आणि "हा चिऊचा पाट" म्हण, बघ कशी येते ते.

सरळ_बोलते | मंगळवार, सकाळी 9:10

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. लहान मुलं काहीही बोलतात, आपण एवढं मनाला लावून घेतलं तर बाळंतपण अंगावर निघेल. तू आधी तुझी झोप बघ, वेळेवर खा, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू जे असेल ते पोटात जाऊ दे. आमच्या घरात सहा मुलं वाढली, "आता तू ताई झालीस, मोठी झालीस" म्हटलं की ती आपोआप मोठी व्हायची. आणि प्लेग्रुपमध्ये घाल तिला, दोन-तीन तास तुला पण मोकळे मिळतील. मी तुझ्या काळजीनेच लिहितेय.

मोठ्या_घरातली_मोठी | मंगळवार, सकाळी 11:30

@सरळ_बोलते, तुमचं झोपेचं आणि खाण्याचं शंभर टक्के पटलं. पण "मोठी झालीस" याबद्दल मला बोलायचंच आहे कारण मी ती मोठी आहे. माझा भाऊ झाला तेव्हा मी 2 वर्षांची होते आणि तेव्हापासून मी मोठी. चॉकलेट एकच असलं तर मोठी आहेस ना, दे त्याला. खिडकीची जागा, तेच. तापाने फणफणलेली असताना पण मी रडले नाही याचं घरात कौतुक व्हायचं. आई फार चांगली आहे माझी, तिला कधी बोलून दाखवलं नाही आणि दाखवणार पण नाही. पण पावणेतीन वर्षांचं मूल मोठं नसतं हो. ते लहानच असतं, फक्त घरात त्याच्याहून लहान कुणीतरी आलेलं असतं.

चिऊ दुपटं आणून देते त्याचं कौतुक जरूर करा पण तेवढ्याचंच नको. नाहीतर दुपटं आणलं तरच मी चांगली असं डोक्यात बसतं. माझ्या बसलं होतं.

प्लेग्रुपचं पण आत्ताच नको असं मला वाटतं. बाळ घरात आणि मी बाहेर, असा अर्थ ती लावेल. दोनेक महिने थांबून घाला की.

दोन_पोरांचा_बाप | मंगळवार, दुपारी 2:05

मी शिफ्टवालाच आहे, त्यामुळे तुमच्या मिस्टरांची बाजू कळते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस रजा आहे, आमच्या खासगी कंपनीत तसं काही नाही, मी माझ्याच रजेतले 8 दिवस काढले होते.

आमच्याकडे सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाबाने मोठ्याला बघायचं, आईने बाळाला. कागदावर फार छान वाटतं. मी पोराला रोज बागेत न्यायचो, भरवायचो, झोपवायचो, आणि मला वाटायचं मी केवढी मदत करतोय. महिनाभराने घरात सरळ दोन घरं झाली. तो आईकडे जायचाच नाही, आणि बायको त्याला हाक मारताना पण बिचकायला लागली.

मग उलटं केलं. बाळाला पाजून झालं की लगेच मी घ्यायचो. खांद्यावर टाकून ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, तेल लावायचं, हे सगळं मी. पाजण्याशिवाय बाळाचं असं एकही काम नाही जे बापाला जमत नाही, फक्त शिकायला लागतं, मला डोकं सावरून अंघोळ घालायला शिकायला पंधरा दिवस लागले. तेवढा अर्धा तास बायको आणि मोठा, दार लोटून, मधे कुणी नाही. काय करायचे विचाराल तर फार काही नाही. तो कपड्यांचे चिमटे तिच्या ओढणीला लावत बसायचा. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

हडसन_पल्याड | मंगळवार, रात्री 8:40

न्यू जर्सीहून. आई 6 महिने राहून परत गेली आणि दुसऱ्या दिवशीपासून सकाळी 8 ते संध्याकाळी 6 मी आणि दोन पोरं, बस. एक गोष्ट मी मोजली होती ती सांगते. नवं बाळ दिवसाला 8 ते 12 वेळा पितं. म्हणजे मोठ्याला दिवसातून तेवढ्या वेळा "थांब, बाळ पितंय" ऐकायला मिळतं, आणि आपल्याला वाटतं आपण एकदाच तर म्हणालो.

मी "थांब" शब्दच बंद केला. एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला, त्यात मोठे चमचे, झाकणं, माझ्या जुन्या बांगड्या, रंगीत कापडाचे तुकडे. हा डबा फक्त बाळ प्यायला बसलं की उघडायचा, प्यायचं झालं की बंद. दर दोन-तीन दिवसांनी आतली एखादी वस्तू बदलायची. मग बाळ रडलं की माझा पोरगा स्वतःच "डब्बा!" ओरडत यायचा.

आणि दुसरं, उलटं पण बोलायचं. बाळ जागं असलं तरी त्याला ऐकू येईल असं म्हणायचं, "बाळा, थोडं थांब हं, मी आत्ता दादाचं ऐकतेय." बाळाला काय कळतंय, पण दादाला कळतं.

चिऊची_आई | बुधवार, पहाटे 4:10

सगळ्यांचे खूप आभार. पाट ठेवला. ती काल दोनदा त्याच्यावर उभी राहिली, वर चढली नाही, पण उभी राहिली.

सरळ_बोलते ताई, राग अजिबात नाही, खाण्याकडे माझं दुर्लक्ष होतंय हे खरंय. खरं सांगायचं तर मला दिवसातून दोन-तीनदा असंच रडू येतं, कारण नसताना. आणि मोठ्या_घरातली_मोठी, तुमची पोस्ट मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि "आता मोठी झाली चिऊ" म्हणाल्या तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, नाही हो, लहानच आहे अजून.

कृष्णाकाठची_आजी | बुधवार, सकाळी 7:30

नातीने हे ॲप लावून दिलंय, हळूहळू लिहिते. बाळ, तुझं ते वाक्य वाचल्यापासून मला सुचत नाही कारण माझ्या दारात हे घडून गेलंय.

1983 ची गोष्ट. माझा थोरला दोन वर्षांचा आणि मला धाकटीचे शेवटचे दिवस. ऊस तोडणीची वेळ, घरात माणूस मोकळं नाही, म्हणून थोरल्याला माझ्या माहेरी ठेवला. पंधरा दिवसांसाठी म्हणून ठेवलेला, साडेतीन महिने राहिला. आज आणू उद्या आणू करत. शेवटी माझ्या भावाने एसटीने आणून सोडला. मी मुलीला पाळण्यात टाकून दारात पळत गेले तर तो मामाच्या पायामागं लपला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, ताईच्या घरात किती वेळ बसायचं?"

माहेरी माझी भावंडं मला ताई म्हणतात आणि माझ्या आईला आई म्हणतात. तेच त्याने उचललं. त्याच्यासाठी माझी आई आई झाली आणि मी ताई.

मी त्याला रागावले नाही, मारलं नाही, आई म्हण म्हणून मागं लागले नाही. रोज दिवे लागायच्या आधी मुलीला सासूबाईंकडे देऊन त्याला घेऊन परसात बसायची. आम्ही दोघं शेंगा फोडायचो. मी फोडायची, तो टरफलं वेगळी करायचा. किती दिवस गेले ते आठवत नाही, पण एका संध्याकाळी शेंग पुढं करून म्हणाला, आई ही फुटत न्हाई. त्याने आता चाळिशी ओलांडली, त्याला यातलं काही आठवत नाही. मला मात्र ते दार आठवतं. त्याला आणायला मी स्वतः गेले नाही, भावाला पाठवलं, हे मला अजून लागतं.

म्हणून सांगते. तुझी लेक खोटं नाही बोलत. तिची आई रात्री गेली, ती तिच्या लेखी परत आलीच नाही, बाळ घेऊन कुणीतरी दुसरीच आली. तर तिला तिची आई आणायला जाऊ दे. त्याच दवाखान्यात.

वॉर्डातली_सिस्टर | बुधवार, दुपारी 3:50

आजी, नमस्कार करते तुम्हाला. मी बाळंतिणींच्या वॉर्डात 14 वर्षं काम करते, बायका घरी जाताना मी टाके, दूध, औषधं सगळं समजावते, पण मोठ्या मुलाला कसं भेटायचं हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगेन.

चिऊची आई, तुमच्या बाळाची 6 आठवड्यांची लस पुढच्या काही दिवसांत असेलच ना? तेव्हा जा. फक्त तिला सुया टोचताना आत नेऊ नका, पेंटा वगैरे मांडीत टोचतात आणि बाळ जोरात रडतं, ती घाबरेल. बाबा बाळाला आत नेऊ देत.

चड्डीत शू होणं, चमच्याने पाणी मागणं, हे या वयात भाऊ-बहीण आल्यावर खूपदा होतं. ओरडायचं नाही, लाज वाटेल असं बोलायचं नाही, गुपचूप चड्डी बदलायची. चमच्याने पाणी मागितलं तर पाजा की चमच्याने. काही मुलं तर परत अंगावर प्यायला मागतात, त्यात घाण काही नाही, बहुतेक वेळा तोंड लावून सोडून देतात. पण शू करताना दुखतंय किंवा ताप आहे असं वाटलं तर मात्र दाखवून घ्या.

आणि ती कितीही गुणी असली तरी दोघांना खोलीत एकटं ठेवू नका. एका बाईंच्या मोठ्या मुलाने 2 महिन्यांच्या बहिणीच्या तोंडात चुरमुरे घातले होते. प्रेमाने. तिला भूक लागली होती म्हणाला. आई दारापर्यंत कुरिअर घ्यायला गेलेली, तेवढ्यात. नशिबाने वेळेवर दिसलं. चिऊला सांगा, बाळाच्या पायाला हात लावायचा, तोंडाला नाही. आणि मोठी माणसं बोटावर मध चाटवतात ते पण नको, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून लहान बाळांना बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

आता तुमच्याबद्दल. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे उगाच रडू येणं बहुतेक बायकांना होतं आणि जातं. तुम्हाला 5 आठवडे झालेत. हे तुमच्या डॉक्टरांना याच भेटीत सांगायचं, टाळायचं नाही. मधे फारच जड वाटलं तर 14416 वर फोन करा, टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असते, मराठीत बोलता येतं. तुमच्या मिस्टरांना पण हा नंबर देऊन ठेवा.

सरळ_बोलते | बुधवार, रात्री 10:15

आजींची पोस्ट दोनदा वाचली. माझा पण थोरला मी असाच पाच महिने जाऊबाईंकडे दिला होता. मी माझं "मोठी म्हणा" मागे घेते. आणि चिऊच्या आई, ते रडण्याचं डॉक्टरांना नक्की सांग बाई. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

खिडकीतली_जाई | गुरुवार, सकाळी 7:05

बारसं झालं का ग? नसेल तर पाहुण्यांना आधीच फोन करून सांग, झबली-टोपडी नाही आणली तरी चालेल, चिऊला एक छोटी वस्तू आणा. आमच्याकडे आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र केल्यावर मोठ्याला पण सांगू दिलं होतं. नंतर आठवडाभर तो गल्लीत नाव मीच ठेवलं म्हणून सांगत होता.

चिऊची_आई | पुढचा शनिवार, रात्री 11:40

बारसं अजून व्हायचंय, ते कानात सांगायचं नक्की करणार.

आज लसीला जाऊन आलो. ठरवल्याप्रमाणे मी, हे आणि बाळ आधी गेलो. चिऊ आजीबरोबर मागून रिक्षाने आली. सासूबाईंनी तिला घरून निघतानाच सांगितलं होतं की आपण तुझ्या आईला आणायला चाललोय. तिने स्वतःची चप्पल स्वतः घातली म्हणे, उलटसुलट.

बाळाला घेऊन हे आत गेले आणि मी बाहेर बाकावर एकटी बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात रिकामे होते माझे, कुठे ठेवावेत कळेना. ती जिन्यावरून वर आली आणि लांबच थांबली, आजीचं बोट धरून. मी उठले नाही. म्हटलं, "चिऊ, किती वेळ झाला मी तुझी वाट बघतेय. मला घरी न्यायला आलीस?"

बराच वेळ नुसती बघत होती. मग जवळ आली आणि विचारलं, "बाऊ बला झाला?" मी म्हटलं थोडा राहिलाय. "दाखव." कॉरिडॉरमध्ये माणसं होती, मी ओढणी आडवी धरून ड्रेस थोडा वर केला आणि पट्ट्याच्या वरची टाक्याची कड दाखवली. तिने वाकून त्याच्यावर फुंकर घातली. दोनदा. मग माझं बोट धरून ओढायला लागली, चल.

बाळ बाबांकडेच राहू दिलं, ते दोघं वेगळ्या रिक्षाने आले. आम्ही तिघी एका रिक्षात. रिक्षावाल्या काकांना तिने सांगितलं, "ही माझी आई आहे. घली नेतेय." मला तिला मांडीवर घेता आलं, कारण ती रिक्षात आपली आपण चढली.

सगळं ठीक झालं असं नाही म्हणणार, संध्याकाळी परत चड्डी ओली होती, आणि उचलायला डॉक्टरांनी अजून दोन आठवडे थांबायला सांगितलंय. रडण्याचं त्यांना सांगितलं, त्यांनी एका समुपदेशकाकडे पाठवलंय, मंगळवारची वेळ मिळालीय, हे रजा टाकून येणार आहेत.

रात्री अंथरुणात माझ्याकडे तोंड करून झोपली. मग अंधारात विचारलं, "बाळाची आई कुठाय?" मी म्हटलं, मीच ग. तुझी पण मी आणि बाळाची पण मीच. थोडा वेळ गप्प. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "बाळाला शांगितलं का?"

आजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

सिस्टर, एक विचारायचं होतं, बाळाच्या मांडीला सुईच्या जागी छोटी कडक गाठ आलीय आणि अंग थोडं कोमट लागतंय. सासूबाई शेकू म्हणतायत. काय करू?

वॉर्डातली_सिस्टर | शनिवार, रात्री 11:55

गरम शेक नको आणि चोळायचं पण नाही. गार पाण्यात कापड बुडवून पिळून घ्या आणि हलकेच ठेवा. थर्मामीटर लावून बघा, आणि निघताना डॉक्टरांनी तापाचे थेंब लिहून दिले असतील तर त्यांनी वजनाप्रमाणे जेवढे सांगितलेत तेवढेच द्या. पाजत राहा. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तासन्तास रडणं थांबेना, पीत नाही किंवा मलूल वाटलं तर लगेच घेऊन जा. गाठ हळूहळू आपोआप विरते.

चिऊ झोपली का?

चिऊची_आई | रविवार, रात्री 12:10

हो. पाय माझ्या अंगावर टाकून.